ऊस कुणाच्या यादीत? केंद्र आणि राज्य यांच्यातल्या कायद्यांच्या वाटणीबद्दल

डिसेंबरातली सकाळ, वाळवा तालुक्यातल्या एखाद्या साखर कारखान्याचं आवार. उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. पुढचा ट्रॅक्टर काट्यावर चढतो, वजनाची पावती निघते, गाडी गव्हाणीकडे, म्हणजे ऊस गाळपासाठी टाकतात तिकडे, वळते. पाच-सात मिनिटांचं काम, पण तेवढ्यात त्या ट्रॉलीला दिल्लीचे आणि मुंबईचे मिळून अर्धा डझन कायदे लागू होऊन जातात.

काटा कसा असावा हे सांगणारा २००९ चा वैध मापनशास्त्र अधिनियम संसदेचा. पण काटा तपासून त्यावर शिक्का मारणारा निरीक्षक राज्य सरकारचा. ट्रॅक्टरची नोंदणी संसदेच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे, वाहनावरचा कर मात्र राज्याच्या कायद्याने. ऊस ज्या रानात वाढला ते रान राज्याच्या अखत्यारीत, टेंभू-ताकारी-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याचंही तेच, आणि तो पाण्याचा पंप ज्या विजेवर चालला ती वीज दोघांच्या सामाईक. गाडी पुणे-बंगळूर महामार्गावरून आली असेल तर तो रस्ता केंद्राचा, आतल्या जिल्हा मार्गाने आली असेल तर राज्याचा. उसाचा किमान दर दिल्लीत ठरतो. तो थकला तर वसुलीला बसतात जिल्हाधिकारी, तेही राज्याच्या महसूल कायद्याचा आधार घेऊन.

‘ऊस हा केंद्राचा विषय की राज्याचा’ हा वाद म्हणूनच पारावर कितीही चघळला तरी मिटत नाही. घटनेने वस्तू वाटलेल्या नाहीत. एकाच वस्तूच्या कुठल्या बाजूवर कुणी कायदा करायचा, ते वाटलं आहे. रानातला ऊस, काट्यावरचा ऊस, गव्हाणीतला ऊस आणि मळीतून निघालेला अल्कोहोल हे घटनेच्या नजरेने चार वेगवेगळे विषय आहेत.

तीन याद्या आणि त्यातली मेख

ही वाटणी घटनेच्या अनुच्छेद २४६ मध्ये आणि सातव्या अनुसूचीत आहे. घटना लागू झाली तेव्हा केंद्रसूचीत ९७ नोंदी होत्या, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७. पुढे काही नोंदी गळाल्या, काही ‘अ’, ‘ब’ लावून वाढल्या, पण जुने क्रमांक तसेच ठेवले. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, बँकिंग, आयात-निर्यात केंद्रसूचीत. पोलीस, जमीन, शेती, बाजार समित्या, दारू, सहकारी संस्था राज्यसूचीत. वीज, कामगार, जंगलं, शिक्षण, प्राण्यांवरच्या क्रौर्याला प्रतिबंध या गोष्टी समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांनीही कायदा करावा, पण भांडण लागलं तर सहसा संसदेचा कायदा वरचढ. तिन्ही याद्यांत न सापडणारा विषय केंद्राकडे जातो. हा साचा १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून आला; तिथेही याद्या तीनच होत्या.

मेख नोंदींच्या भाषेत आहे. राज्यसूचीतल्या बऱ्याच नोंदी सरळ संपत नाहीत. ‘उद्योग’ ही राज्यसूचीतली २४ वी नोंद. पण तिला शेपूट आहे, ‘केंद्रसूचीतल्या ७ आणि ५२ या नोंदींच्या अधीन राहून’. आता ५२ वी नोंद काय म्हणते? एखाद्या उद्योगावर केंद्राचं नियंत्रण असणं लोकहिताचं आहे असं संसदेने कायद्याने जाहीर केलं, की तो उद्योग केंद्राचा. संसदेने १९५१ मध्ये उद्योग (विकास आणि नियमन) अधिनियम केला आणि त्याच्या अनुसूचीत साखर घातली. त्या दिवसापासून साखर उद्योग राज्याच्या हातून गेला, आणि तेही घटनादुरुस्ती न करता. ‘च्या अधीन राहून’ हे तीन शब्द दिसले की थांबायचं आणि दुसऱ्या यादीतली ती नोंद उघडून बघायची. ही एक सवय लावून घेतली तर निम्मे घोळ टळतात.

मग ऊसही केंद्राकडे गेला का? हा प्रश्न १९५६ मध्येच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. उत्तर प्रदेशाने उसाचा पुरवठा आणि खरेदी यांवर कायदा केला होता आणि टिका रामजी नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात त्याला आव्हान दिलं गेलं. न्यायालय म्हणालं, उद्योग म्हणजे माल तयार करण्याची प्रक्रिया. ऊस हा तिचा कच्चा माल. तो ‘उद्योग’ या शब्दात बसत नाही. तो बसतो समवर्ती सूचीतल्या ३३ व्या नोंदीत, खाद्यवस्तूंच्या व्यापारात आणि पुरवठ्यात. ही नोंद १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने मोठी केली होती. गव्हाणीच्या अलीकडे एक नोंद आणि पलीकडे दुसरी, अशी ही रेघ आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकू, कारण ग्रामसभेत ती नेहमी निघते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिका यांना स्वतःची यादी नाही. अकराव्या अनुसूचीतले २९ आणि बाराव्या अनुसूचीतले १८ विषय राज्याने त्यांच्याकडे सोपवावेत अशी अपेक्षा आहे. किती सोपवायचे ते विधिमंडळ ठरवतं.

उसाच्या दराची गोष्ट जरा सविस्तर

आपल्याकडे एफआरपी म्हणतात तो रास्त आणि किफायतशीर दर येतो ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मधून. हा आदेश केंद्राने अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ च्या कलम ३ खाली काढला, आणि तो अधिनियम उभा आहे समवर्ती सूचीच्या त्याच ३३ व्या नोंदीवर. साखळी अशी: नोंद, तिच्यावर अधिनियम, त्याच्यावर आदेश, आणि त्या आदेशातून दरवर्षी दराची अधिसूचना.

२०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये आहे, १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघाली तर. उतारा त्याच्या वर गेला तर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढतात. खाली आला तर तेवढेच कमी होतात, पण साडेनऊ टक्क्यांच्या खाली उतारा गेला तरी ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली दर जात नाही. समजा कारखान्याचा उतारा ११.५० आहे. फरक १.२५ टक्के, म्हणजे साडेबारा टप्पे. त्याचे ४३ रुपये २५ पैसे. एकूण क्विंटलला ३९८ रुपये २५ पैसे, टनाला ३,९८२ रुपये ५० पैसे. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. पहिल्या उचलीचा, म्हणजे पहिल्या हप्त्याचा, आकडा एफआरपीपेक्षा लहान दिसतो आणि गैरसमजाला सुरुवात होते ती इथे.

याच आदेशात लिहिलं आहे की ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर पुढच्या काळाला वर्षाला १५ टक्के व्याज. तीन लाखांचं बिल ६० दिवस लांबलं तर व्याज होतं ७,३९७ रुपये. ते मागणारे शेतकरी थोडे आणि आपणहून देणारे कारखाने त्याहून थोडे, पण हक्क आदेशातच आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढून एफआरपी दोन टप्प्यांत द्यायला मुभा दिली. सांगली आणि सातारा ज्यात येतात त्या पुणे महसूल विभागात आणि नाशिक विभागात पहिला हप्ता १० टक्के उतारा धरून द्यायचा, उरलेला फरक हंगाम संपून खरा उतारा कळल्यावर. कारखान्यांची अडचण खोटी नव्हती. चालू हंगामाचा अंतिम उतारा शेवटचा ऊस गाळेपर्यंत कळत नाही, आणि साखर विकून पैसा हातात यायला महिने लागतात. पण शेतकऱ्याच्या बाजूने हिशोब बघा. २०२१-२२ ला एफआरपी १० टक्क्यांना २९० रुपये होती, प्रत्येक ०.१ टक्क्याला २ रुपये ९० पैसे वाढ. साडेअकरा उताऱ्याला टनामागे ३,३३५ रुपये होतात. पहिल्या हप्त्यात मिळणार २,९००. टनामागे ४३५ रुपये हंगाम संपेपर्यंत कारखान्याकडे. कृष्णाकाठच्या चांगल्या उताऱ्याच्या पट्ट्याला याचा फटका सगळ्यांत जास्त, कारण उतारा जेवढा चांगला तेवढी अडकणारी रक्कम मोठी.

मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. मुद्दा अधिकाराचा होता. चौदा दिवसांची मुदत केंद्राच्या कायद्याखालच्या आदेशात आहे. राज्याच्या शासन निर्णयाने ती ढिली करता येत नाही. इथे दोन पायऱ्या खाली घसरल्या होत्या. एक तर विषय समवर्ती आणि संसदेच्या कायद्याने आधीच व्यापलेला. आणि दुसरं, समोर राज्याचा कायदासुद्धा नव्हता, नुसता प्रशासकीय निर्णय होता. विधिमंडळात मांडलेला, चर्चा होऊन मंजूर झालेला, राजपत्रात आलेला अधिनियम वेगळा आणि खात्याच्या सचिवांच्या सहीने निघालेला शासन निर्णय वेगळा. ‘सरकारने जीआर काढला’ म्हणजे ‘कायदा झाला’ हा समज इतका घट्ट बसला आहे की वकीलमंडळीही बोलताना कधीकधी तसंच म्हणतात.

पण मग उत्तर प्रदेश सरकार एफआरपीपेक्षा वेगळा, स्वतःचा दर कसा काय जाहीर करतं? त्यावर एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उत्तर दिलं. केंद्राने ठरवलेला दर हा किमान दर आहे. राज्याने त्याहून जास्त दर लावला तर दोन्ही आदेश एकाच वेळी पाळता येतात, जास्त दर दिला की कमी दराची अट आपोआप पुरी होते; त्यामुळे विसंगती नाही. हीच कसोटी दोन टप्प्यांच्या जीआरला लावून बघा. १४ दिवसांत पूर्ण द्या आणि हंगामाअखेर उरलेले द्या, या दोन आज्ञा एकदम पाळता येत नाहीत. केंद्राच्या किमान रेषेच्या वर राज्याला मोकळीक आहे, रेषेखाली नाही. महाराष्ट्राने वरच्या मोकळिकीत जाहीर दराऐवजी वेगळी वाट धरली: २०१३ च्या ऊस दर विनियमन कायद्याने साखर आणि उपपदार्थ यांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाला, असं सूत्र आणलं. त्यातून एफआरपीपेक्षा जास्त निघालं तर फरक द्यायचा.

कारखान्यांमधल्या अंतराचा मासला याच जातीचा आहे. केंद्राच्या आदेशात दोन कारखान्यांत हवाई अंतर किमान १५ किलोमीटर हवं. राज्याला ते वाढवता येतं, पण केंद्राची पूर्वसंमती घेऊन. महाराष्ट्राने ते २५ केलं आहे.

मळीपासून पुढे

साखर निघाली, मळी उरली. मळीपासून स्पिरिट. ते प्यायच्या दारूत गेलं तर राज्यसूचीची ८ वी नोंद, ‘मादक द्रव’, आणि त्यावरचं उत्पादन शुल्क हे राज्याच्या तिजोरीचं मोठं उत्पन्न. पण तेच स्पिरिट रंग, औषधं, रसायनं यांच्या कारखान्यात गेलं तर? १९९० च्या आसपासपासून उत्तर होतं, औद्योगिक अल्कोहोल केंद्राचा. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा मताने ते फिरवलं. ‘मादक द्रव’ या शब्दांत औद्योगिक अल्कोहोलही येतो, तो प्यायला वळवला जाऊ नये म्हणून नियमन करणं राज्याचं काम आहे, असं बहुमत म्हणालं. न्यायमूर्ती नागरत्ना यांचं मत वेगळं होतं. डिस्टिलरी चालवणाऱ्या आपल्या कारखान्यांना याचा अर्थ सरळ आहे: परवान्याच्या आणि शुल्काच्या बाबतीत राज्याचा हात आता लांब झाला.

शब्दांवरून असे खटले का होतात? कारण कुठलाही कायदा एका नोंदीत चपखल बसत नाही, कडेला दुसऱ्या नोंदीत सांडतोच. न्यायालय मग कायद्याचा गाभा बघतं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यावर बलसारा खटल्यात आक्षेप होता की परदेशी दारू बाळगायला बंदी म्हणजे आयातीवरच बंदी, आणि आयात केंद्राचा विषय. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कायद्याचा गाभा दारूबंदीचा आहे, आयातीला लागलेला धक्का आनुषंगिक आहे. अजूनही याच पद्धतीने बघितलं जातं.

जीएसटीने या सगळ्याला एक अपवाद आणला. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४६अ प्रमाणे एकाच विक्रीवर संसद आणि विधिमंडळ दोघंही एकदम कर लावतात. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांना मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. गणित करा: केंद्र विरोधात असेल तर बाकी सगळे एकत्र येऊनही ६६.६७ टक्के, ७५ होत नाहीत. केंद्राला मात्र राज्यांच्या वाट्यातले ४१.६७ हवेत, म्हणजे सगळे हजर असले तर ३१ पैकी किमान २०. प्यायची दारू जीएसटीच्या बाहेर ठेवली आहे, ती का हे वरच्या परिच्छेदावरून कळेलच.

संस्था कुणाच्या कायद्याखाली

सातारा-सांगलीत निम्मं अर्थकारण सहकारी संस्थांचं, त्यामुळे याकडे जरा नीट बघू. सहकारी संस्था राज्यसूचीच्या ३२ व्या नोंदीत आहेत. महाराष्ट्राचा १९६० चा कायदा त्यावर उभा आहे. पण संस्थेचं कार्यक्षेत्र एका राज्यापुरतं नसेल तर केंद्रसूचीची ४४ वी नोंद लागते आणि संसदेचा २००२ चा बहुराज्य सहकारी संस्था कायदा. मिरज, जत, कवठेमहांकाळच्या पट्ट्यात सीमा शिवारातून जाते. कर्नाटकातल्या चार गावांतले सभासद घेऊन कार्यक्षेत्र वाढवलं की संस्थेचं दैनंदिन काम होतं तसंच चालतं, पण निबंधक बदलतो, निवडणूक घेणारं प्राधिकरण बदलतं, तक्रारीचा रस्ता पुण्याऐवजी दिल्लीकडे वळतो. सभासदांनी पोटनियम दुरुस्तीला हात वर करण्याआधी एवढं तरी विचारून घ्यावं.

सहकारी बँक तर दोन घरची पाहुणी. ‘सहकारी’ म्हणून नोंदणी आणि संस्थेचा कारभार राज्याच्या कायद्याखाली, ‘बँक’ म्हणून ठेवी, कर्जं आणि परवाना रिझर्व्ह बँकेकडे, कारण बँकिंग केंद्रसूचीत ४५ वं. २०२० च्या बँकिंग नियमन दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचा हात आणखी मोठा केला. ठेवी अडकल्यावर लोक आधी सहकार उपनिबंधकांच्या दारात जातात आणि तिथून हात हलवत परत येतात, त्याचं कारण हे.

संसदेला ही वाटणी बदलता येत नाही का? येते, पण साध्या कायद्याने नाही. सातव्या अनुसूचीत फरक पाडणारी घटनादुरुस्ती संसदेत विशेष बहुमताने तर व्हावी लागतेच, शिवाय निदान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांनी ती मान्य करावी लागते. २०११ ची ९७ वी दुरुस्ती इथेच अडकली. संचालक मंडळात २१ पेक्षा जास्त जण नकोत, मुदत पाच वर्षं, अशा अटी थेट घटनेत घातल्या, पण राज्यांची मान्यता घेतलीच नाही. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हा राज्यांच्या एकट्याच्या विषयाला लागलेला हात आहे, मान्यतेवाचून तो टिकत नाही. राज्यातल्या संस्थांपुरता तो भाग गेला, बहुराज्य संस्थांपुरता राहिला. याउलट १९७६ ची ४२ वी दुरुस्ती टिकली; तिने शिक्षण, जंगलं, वन्यप्राणी, वजनमापं राज्यसूचीतून उचलून समवर्ती सूचीत नेली. काट्याचा कायदा संसदेचा आणि निरीक्षक राज्याचा, याचं मूळ तिथे आहे. समवर्ती विषयावर संसदेने कायदा केला तरी, संसदेने वेगळं सांगितलं नसेल तर अंमलबजावणी राज्याकडेच राहते.

स्कॉटलंडशी तुलना केली तर आपल्या वाटणीचा कणखरपणा कळतो. तिथे १९९८ च्या कायद्यात फक्त लंडनने राखून ठेवलेले विषय लिहिले आहेत, उरलेलं सगळं एडिनबरोच्या संसदेचं. यादी बघता आपल्या राज्यांपेक्षा हे उदार वाटेल, कारण आपल्याकडे शिल्लक केंद्राला जाते. पण तो कायदा लंडनच्या संसदेचा साधा कायदा आहे आणि ती संसद आजही स्कॉटलंडसाठी कशावरही कायदा करू शकते. संमतीशिवाय सहसा करायचा नाही हा फक्त संकेत. महाराष्ट्राची यादी मात्र घटनेत आहे.

आपल्याकडेही चोरवाटा आहेतच. राज्यसभेने दोन तृतीयांश बहुमताने ठराव केला की संसद राज्याच्या विषयावर कायदा करू शकते, ठराव एका वर्षापुरता. आणीबाणीत तर मुभाच. आंतरराष्ट्रीय करार पाळण्यासाठीही.

नदी

आणखी एक वाट विनंतीची, अनुच्छेद २५२ ची. दोन किंवा जास्त विधिमंडळांनी ठराव करून सांगितलं तर संसद त्यांच्यासाठी राज्यसूचीतल्या विषयावर कायदा करते. १९७४ चा जल प्रदूषण कायदा असा झाला. महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये स्वीकारला. स्वीकारण्यात एक गोम आहे: एकदा स्वीकारला की तो बदलायचा अधिकार विधिमंडळाकडे राहत नाही, संसदच बदलू शकते. कृष्णेत मळीमिश्रित पाणी सुटून मासे मेले की कारवाई राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ करतं, पण त्याच्या हातातला कायदा दिल्लीचा.

पाणी स्वतः राज्यसूचीत, १७ वी नोंद. शेपटासह. केंद्रसूचीची ५६ वी नोंद आंतरराज्य नद्यांच्या नियमनाची, आणि तंट्यांसाठी अनुच्छेद २६२ खाली १९५६ चा कायदा. कोयना धरण आपलं, पाणी सोडायचा निर्णय आपला, पण कृष्णेचं किती पाणी आपलं हे विधिमंडळ ठरवत नाही. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) दिलं, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८००. पुढच्या ब्रिजेशकुमार लवादाने अलमट्टीची पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला मुभा दिली, पण तो निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे राजपत्रात आलेला नाही. पुराच्या भीतीने अलमट्टीविरुद्ध विधानसभेत कितीही ठराव झाले तरी तो ठराव कर्नाटकाच्या धरणाला बांधत नाही. त्याचा उपयोग केंद्राकडे आणि न्यायालयात बाजू मांडायला, तेवढाच. ज्यांचं घर २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाच्या परिसरात पाण्यात होतं त्यांना हे ऐकायला बरं वाटणार नाही.

बैलांनी शिकवलेला अनुच्छेद २५४

समवर्ती सूचीतली टक्कर कशी सुटते याचं आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे बैलगाडा शर्यत. प्राण्यांवरचं क्रौर्य समवर्ती सूचीची १७ वी नोंद. संसदेचा कायदा १९६० चा. तमिळनाडूने २००९ मध्ये जलिकट्टू या बैलांच्या खेळासाठी स्वतःचा कायदा केला होता. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो संसदेच्या कायद्याशी विसंगत म्हणून रद्द ठरवला आणि त्याच निकालाने आपल्याकडच्या शर्यतीही थांबल्या. अनुच्छेद २५४ चं पहिलं कलम हेच सांगतं: टक्कर झाली तर राज्याचा कायदा तेवढ्यापुरता निकामी.

दुसरं कलम सुटकेचं आहे. राज्याने विसंगती पत्करून केलेलं विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवलं आणि संमती मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. महाराष्ट्राने २०१७ मध्ये तेच केलं, संसदेच्या १९६० च्या कायद्यात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती आणि तिला राष्ट्रपतींची संमती. तरी उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे शर्यती अडल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र तिघांच्याही दुरुस्त्या वैध ठरवल्या. पुसेगावच्या यात्रेतली शर्यत आज कायद्याने चालते ती राष्ट्रपतींच्या त्या संमतीमुळे. आणि ही सुटका कायमची नाही: संसदेने उद्या नवा कायदा करून ती दुरुस्ती मोडली तर मोडली.

कागद हातात आल्यावर

एखादा सरकारी कागद कुणाच्या अधिकारातला हे ओळखायला वकील लागत नाही. आधी वरचं नाव बघा: अधिनियम, नियम, आदेश, अधिसूचना, शासन निर्णय की परिपत्रक. शेवटचे दोन असतील तर त्यांच्या मागे कुठला कायदा आहे ते शोधायचं, नसेल तर ते फक्त खात्याला दिलेली सूचना आहे. नियम, आदेश आणि अधिसूचना यांच्या पहिल्याच परिच्छेदात ‘अमुक अधिनियमाच्या कलम तमुकने प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून’ अशी ओळ असते. बाकी सगळा मजकूर सोडला तरी चालेल, ती ओळ सोडू नका. तो अधिनियम संसदेचा की महाराष्ट्राचा हे नावावरून आणि क्रमांकावरून कळतं. महाराष्ट्राचा अधिनियम असेल तर राजपत्रातल्या छापील प्रतीत शीर्षकाजवळ बघायचं, संमती राज्यपालांची आहे की राष्ट्रपतींची. समवर्ती विषयावर राज्यपालांचीच संमती असेल आणि संसदेचा कायदा उलट सांगत असेल, तर कच्चा दुवा सापडला.

त्यानंतर अंमलबजावणी कुणाची ते बघायचं, कारण अर्ज तिथे जातो. काट्यात मारलं असेल तर वैध मापनशास्त्र कार्यालय. एफआरपी थकली असेल तर पुण्याचे साखर आयुक्त. ते महसुली वसुलीचं प्रमाणपत्र काढतात आणि जिल्हाधिकारी साखर, मळी, बगॅस, मालमत्ता जप्त करून जमीन महसुलाची थकबाकी असल्यासारखी वसुली करतात. अर्जात ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ आणि १४ दिवसांची मुदत या दोन्हींचा उल्लेख करा, उसाच्या वजनाच्या पावत्यांच्या प्रती तारखेप्रमाणे लावून जोडा, आणि १५ टक्के व्याजाची मागणी वेगळ्या ओळीत मांडा. मुद्दलाच्या अर्जात व्याज लिहायचं राहून गेलं की वसुलीचा आकडा मुद्दलावरच थांबतो.